एसी लावला की बेल्ट किंचाळतो: कॉम्प्रेसर बदलण्याआधी काय तपासावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी दहा वर्षांची, लहान पेट्रोल इंजिनाची आणि बहुतांश पुण्याच्या गर्दीत चालणारी. एसी कॉम्प्रेसरचा बेल्ट स्वतंत्र आहे. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दुसऱ्या बेल्टवर चालतात. सिग्नलला उभे असताना एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बेल्ट काही सेकंद किंचाळतो, हमरस्त्यावर मात्र गप्प असतो. वर्षभरात बेल्ट दोनदा बदलून झाला आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांनी आवाज परत आला. शेवटच्या वेळी गॅरेजमध्ये बेल्ट चांगलाच आवळून दिला. तेव्हापासून किंचाळणे कमी झाले, पण आता एसी बंद असतानाही घरघर ऐकू येते. कॉम्प्रेसर बदलावा लागेल असे सांगून त्यांनी मोठ्या खर्चाचा अंदाज दिला आहे आणि तो मान्य करावा का, हे तुम्ही विचारता.

तो अजून मान्य करू नका. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली आहे. सिग्नलवरचे किंचाळणे म्हणजे बेल्ट घसरतो आहे, आणि नवा बेल्टही घसरत असेल तर त्याच्यावर पडणारा भार किंवा त्याला मिळणारी पकड यांपैकी काहीतरी बिघडले आहे. घरघर हा बेअरिंगचा आवाज आहे आणि ती बेल्ट आवळल्यानंतर सुरू झाली, हा धागा महत्त्वाचा आहे. कॉम्प्रेसर आतून खराब असण्याची शक्यता शिल्लक राहते, पण ती तपासायला हात आणि थोडा वेळ पुरतो. त्यासाठी कॉम्प्रेसर उतरवावा लागत नाही.

आधी आवाज सिग्नललाच का येतो ते पाहू, कारण निदानाची अर्धी वाट तिथेच सापडते. इंजिनाचा वेग वाढला की बेल्टवरचा ताण वाढत असेल असे सर्वसाधारणपणे वाटते. एसीच्या बेल्टबाबत ते बरेचदा उलटे असते. उदाहरणादाखल क्रँकची पुली, म्हणजे बेल्टला फिरवणारी इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची पुली, १४० मिलिमीटर व्यासाची धरा. इंजिन ८०० आरपीएमवर असताना बेल्ट सेकंदाला सुमारे ५.९ मीटर धावतो. गर्दीत, उन्हात तापलेला कॉम्प्रेसर त्या वेळी दीड किलोवॉट शक्ती घेत असेल, तर बेल्टच्या ताणलेल्या आणि सैल बाजूंमधला फरक सुमारे २५६ न्यूटन, म्हणजे जवळपास २६ किलो वजनाइतका होतो. तीच गाडी हमरस्त्यावर ३००० आरपीएमला असताना बेल्ट सेकंदाला २२ मीटर धावतो. कॉम्प्रेसरने दुप्पट, म्हणजे तीन किलोवॉट घेतले तरी हा फरक १४ किलोच्या आसपासच राहतो. शिवाय हमरस्त्यावर कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरपुढच्या भागाला, समोरून भरपूर वारा मिळतो आणि गॅसचा दाब उतरलेला असतो. बेल्टची खरी परीक्षा अशी गाडी उभी असतानाच होते, आणि त्यातही चुंबकीय क्लच (फिरत्या पुलीला कॉम्प्रेसरच्या शाफ्टशी जोडणारा भाग) चिकटण्याच्या क्षणी, कारण स्थिर उभ्या कॉम्प्रेसरला एका झटक्यात पूर्ण वेगावर आणण्याचे काम त्याच बेल्टला करावे लागते.

यावरून पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर आणि स्वच्छतेवर जायला हवा. आर-१३४ए वायू असलेल्या निरोगी एसीमध्ये, बाहेर ३५ ते ४० अंश असताना, उच्च दाबाच्या बाजूला साधारण २०० ते २५० पीएसआय (दाबमापकावरचे एकक) दाब दिसतो. पंखा बंद असेल, हळू फिरत असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकले असतील, तर गाडी उभी असताना हाच दाब ३०० च्या पुढे जातो. कॉम्प्रेसर बंद करणारा सुरक्षा स्विच बहुतेक गाड्यांत ४०० ते ४५० पीएसआयच्या आसपास काम करतो. म्हणजे मधल्या मोठ्या पट्ट्यात यंत्रणा सुरूच राहते, थंडावा कमी होतो आणि सगळा जादा भार बेल्टवर येतो. सिग्नलला थंडावा कमी होतो आणि गाडी धावू लागली की पुन्हा वाढतो असे तुमच्याकडेही होत असेल, तर ही शंका जवळजवळ पक्की समजा.

ही तपासणी घरीही करता येते. इंजिन सुरू करून एसी लावा आणि पंखा फिरू लागतो का पाहा. बहुतेक लहान गाड्यांत क्लच चिकटताच किंवा त्यानंतर थोड्याच वेळात तो फिरायला हवा. पंखा फिरतो आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वर्तमानपत्राचे एक पान पुढच्या जाळीतून कंडेन्सरच्या अंगाला लावा. पंखा नीट ओढत असेल तर पान जाळीला चिकटून राहते. ते लगेच गळून पडले तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील, नाहीतर मोटर बदलताना तारा उलट्या जोडल्यामुळे पंखा उलटा फिरत असेल. उलटा फिरणारा पंखा नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही आणि हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. दुसरी परीक्षा अधिक निर्णायक आहे. आवाज येत असतानाच कोणाला तरी कंडेन्सरवर समोरून मगाने हळूहळू पाणी ओतायला सांगा, मात्र पाणी बेल्टवर उडू देऊ नका. पुढच्या वेळी क्लच चिकटताना किंचाळणे आले नाही आणि थंडावा वाढला, तर बेल्ट आणि कॉम्प्रेसर दोघेही निर्दोष आहेत. दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे. मग कंडेन्सर साध्या नळाच्या पाण्याने धुवावा, कारण जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पात्या आडव्या होतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचलेला कचरा समोरून दिसत नाही. तोही काढून घ्यावा.

पंखा चांगला आणि कंडेन्सर स्वच्छ निघाला, तर पुढचा प्रश्न गॅस किती भरला आहे हा. लहान गाड्यांमध्ये आर-१३४ए साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तरीही थंडावा कमी वाटला की नुसत्या दाबमापकाकडे बघत वरून गॅस मारण्याची पद्धत सर्रास चालते. एवढ्या लहान यंत्रणेत शंभर ग्रॅम जादा गॅस ही मोठी चूक ठरते. कंडेन्सरमधली जागा द्रवाने व्यापली जाते आणि दाब चढतो. वर्षभरात कोणी असा गॅस भरला असेल, तर यंत्रणा पूर्ण रिकामी करून, व्हॅक्यूम घेऊन, वजन करून गॅस भरायला सांगा. बेल्टच्या तक्रारीवर गॅस मोजायला सांगितला म्हणून मेकॅनिकने भुवया उंचावल्या, तरी आग्रह सोडू नका.

भाराची बाजू अशी तपासून झाली की पकडीकडे वळावे, आणि तिथे कान आधी उपयोगी पडतात. लांब, सलग, क्लच चिकटताच येणारी किंकाळी घसरण्याची असते. चिमणीसारखा तुटक, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर जलद होणारा चिवचिवाट हा पुल्या एका रेषेत नसल्याचा असतो. दोन्हींत फरक करण्यासाठी पाण्याची जुनी परीक्षा अजूनही उत्तम आहे. इंजिन मंद चालू असताना, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडे पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्यांची रेषा बिघडली आहे. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा झिजला आहे. तेल, डब्ल्यूडी-४० किंवा सिलिकॉनचा फवारा या कामासाठी वापरू नये, कारण त्याने परीक्षा तर होत नाहीच, वर बेल्ट खराब होतो.

बेल्ट पाहण्यासाठी इंजिन बंद करावे आणि चावी काढून खिशात ठेवावी. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी यांचे भान ठेवावे. तुमच्या बेल्टच्या पाठीवर ४ पीके आणि पुढे तीन-चार आकडी संख्या छापलेली असेल. ४ म्हणजे रिबची, म्हणजे बेल्टच्या आतल्या बाजूच्या उभ्या कंगोऱ्यांची, संख्या आणि पुढची संख्या म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. दोन रिबमधले अंतर ३.५६ मिलिमीटर असते, त्यामुळे चार रिबचा बेल्ट सुमारे १४ मिलिमीटर रुंद भरतो. जुन्या बेल्टवरचा क्रमांक आणि गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक आवर्जून ताडून पाहा. दुकानात नेमका बेल्ट नसला की पाच-दहा मिलिमीटर लांब बेल्ट दिला जातो. तो सुरुवातीला बसतो, पण टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या सरकत्या पुलीची) सरकण्याची मर्यादा लवकर संपते आणि काही आठवड्यांनी आवाज परत येतो. तुमच्या दोन बेल्टांचे आयुष्य सारखेच आखूड निघाले, हे या कारणाशीही जुळते.

जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टला भेगा पडत आणि त्यावरून तो बदलायचा की नाही हे कळत असे. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा निष्कर्ष त्यामुळे आता चुकीचा ठरतो. बेल्ट काढून आतली बाजू उजेडात धरा. नव्या बेल्टच्या खाचा तळाशी अरुंद, इंग्रजी व्ही अक्षराकडे झुकणाऱ्या असतात. झिजलेल्या बेल्टच्या खाचा रुंद आणि यू अक्षरासारख्या गोल दिसतात. खाच रुंद झाली की पुलीचे दात बेल्टच्या तळाला टेकतात, रिबची पाचरीसारखी पकड संपते आणि टेन्शन कितीही वाढवले तरी बेल्ट घसरतोच. रिबच्या बाजू आरशासारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर तो घसरून भाजलेला बेल्ट आहे. कडा दोऱ्यांसारख्या उसवल्या असतील किंवा एकाच बाजूची रिब जास्त झिजली असेल तर रेषेचा दोष आहे. बेल्ट फुगलेला, मऊ आणि बोटाला काळा चिकटा लावणारा असेल तर तेल गळते आहे. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील बघावे, कारण गळती थांबवल्याशिवाय तिसरा बेल्टही तसाच जाईल. पुल्यांच्या खाचाही विसरू नयेत. घसरलेल्या बेल्टचा भुगा तिथे दाबून बसतो आणि कोकणात येणे-जाणे असेल तर लाल मातीचे बारीक खडे त्यात रुततात. लाकडी काडी आणि ब्रशने त्या साफ कराव्यात. अशा पुलीवर घातलेला नवा बेल्ट पहिल्या दिवसापासून ओरडतो.

पुल्यांच्या रेषेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण दोनदा बेल्ट बदलूनही आवाज परत येतो तेव्हा गॅरेजमध्ये सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट हीच असते. रिबच्या बेल्टला अर्ध्या-एक अंशाचाही तिरकेपणा सहन होत नाही. एक सरळ पोलादी पट्टी क्रँकच्या पुलीच्या तोंडावर टेकवून कॉम्प्रेसरच्या पुलीपर्यंत न्यावी आणि फट पाहावी. पुल्यांच्या कडा वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर खाचांपासून मोजावे. कॉम्प्रेसर किंवा त्याचा क्लच याआधी कधी बदलला असेल, तर दुरुस्त करून विकलेल्या क्लचची पुली मूळ पुलीपेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसलेली सापडू शकते. कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट आणि त्याचे बोल्ट हलवून पाहावेत. एक बोल्ट सैल असला तरी भार येताच कॉम्प्रेसर बेल्टच्या ओढीकडे किंचित झुकतो आणि भार गेला की परत जागेवर येतो, त्यामुळे इंजिन बंद असताना पट्टी लावून सगळे सरळ दिसते.

क्रँकच्या पुलीचा दोष याहून फसवा आहे. अनेक इंजिनांत ही पुली एकसंध नसते. आतला लोखंडी गाभा आणि बाहेरचे खाचांचे कडे यांच्यामध्ये रबराचा पट्टा दाबून बसवलेला असतो, जो इंजिनाचे हादरे शोषतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि तेलाने ते रबर सुटते. मग बाहेरचे कडे भार आल्यावर गाभ्यावरच घसरते, किंवा हळूहळू बाहेर सरकून रेषा बिघडवते, आणि किंकाळी मात्र बेल्टचीच वाटते. तपासणीसाठी पुलीच्या तोंडावर केंद्रापासून कडेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा, म्हणजे ती गाभा, रबर आणि कडे या तिन्हींवरून जाईल. दोन-चार दिवस एसी लावून गाडी चालवा आणि इंजिन थंड असताना रेघ पाहा. रबरापाशी ती तुटून बाहेरचा तुकडा पुढे गेलेला दिसला, तर पुली बदलल्याशिवाय कोणताही बेल्ट टिकणार नाही. मंद चालणाऱ्या इंजिनाकडे बाजूने पाहिले असता पुलीचे कडे डुलताना दिसले, तर रेघेचीही गरज नाही.

आता घरघरीकडे. कॉम्प्रेसरची पुली, एसी सुरू असो वा बंद, इंजिन फिरत असेपर्यंत आपल्या बेअरिंगवर फिरतच असते. क्लच चिकटल्यावर फक्त आतला शाफ्ट तिच्याबरोबर फिरू लागतो. त्यामुळे एसी बंद असताना येणारी घरघर कॉम्प्रेसरच्या आतल्या भागांची असू शकत नाही. ती पुलीच्या बेअरिंगची किंवा टेन्शन देणाऱ्या आयडलर पुलीच्या बेअरिंगची असते. तुमच्या बाबतीत, बेल्ट प्रमाणाबाहेर आवळल्यानंतर ती सुरू झाली म्हणून, माझा पहिला संशय आयडलरवर आहे. हे बेअरिंग लहान असते, सर्वांत वेगाने फिरते, आणि दहा वर्षांत त्यातले ग्रीस सुकलेले असते. त्यावर जादा ओढ आली की ते बोलू लागते.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे, कारण तुमचा एसी बेल्ट स्वतंत्र आहे. तो काढून इंजिन सुरू करा. घरघर गेली तर दोष क्रँक, कॉम्प्रेसर आणि आयडलर या तीन पुल्यांच्या मंडळातच आहे. राहिली तर अल्टरनेटर किंवा पाण्याच्या पंपाकडे पाहावे लागेल. बेल्ट काढलेलाच असताना आयडलर हाताने जोरात फिरवा. चांगले बेअरिंग थोडे फिरून मऊपणे थांबते, कारण आतले ग्रीस त्याला अडवते. जे स्केटच्या चाकासारखे खळखळत बराच वेळ फिरत राहते ते कोरडे झाले आहे, जरी अनेकांना तेच चांगले वाटते. पुलीची कड दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग संपले आहे. अनेक गाड्यांत आयडलरचे बेअरिंग वेगळे मिळते आणि दाबयंत्रावर बसवता येते, तरी पुलीसह जोड बदलणे मला अधिक भरवशाचे वाटते. हीच कसोटी कॉम्प्रेसरच्या पुलीला लावा. तिचे बेअरिंगही स्वतंत्रपणे बदलता येते आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी गॅस काढावा लागत नाही, फक्त पुढची प्लेट आणि सर्क्लिप काढावी लागते.

कॉम्प्रेसरचा निकाल याच बैठकीत लावता येतो. पुलीच्या पुढे जी लहान प्लेट असते ती शाफ्टला जोडलेली असते. बेल्ट काढलेला, इंजिन बंद, अशा स्थितीत ती हाताने सावकाश पूर्ण फेरा फिरवा. निरोगी कॉम्प्रेसर सारख्या, हलक्या विरोधाने फिरतो आणि दाबाच्या लहान लाटा बोटांना जाणवतात. प्लेट फिरतच नसेल, किंवा प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी अडून मग सुटत असेल, तर आत खरेच बिघाड आहे. ती काहीच विरोध न करता सैल फिरत असेल तर गॅस संपला असेल किंवा आतली दाब धरण्याची क्षमता गेली असेल. पण तेव्हा बेल्ट किंचाळत नाही, त्यामुळे ती शक्यता तुमच्या गाडीला लागू नाही.

क्लचचाही एक प्रकार बेल्टच्या नावावर खपतो. प्लेट आणि पुली यांच्यातली फट फीलर गेजने मोजली तर साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर भरायला हवी. प्लेट झिजून फट वाढली, किंवा क्लचच्या कॉइलला पुरेसे व्होल्टेज मिळाले नाही, की चुंबक प्लेट घट्ट धरू शकत नाही आणि ती पुलीवर घासते. तो आवाजही कर्कश असतो, पण त्याबरोबर तापलेल्या लोखंडाचा वास येतो आणि प्लेटच्या तोंडावर निळसर छटा किंवा ओरखडे दिसतात. घसरणाऱ्या बेल्टला जळक्या रबराचा वास असतो. १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध बहुधा ३ ते ५ ओहम असतो. तो ठीक असूनही कॉइलपाशी एसी चालू असताना बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी मिळत असेल, तर रिले आणि अर्थिंग तपासावे. फट वाढली असल्यास प्लेटमागची एखादी पातळ शिम काढून ती पुन्हा योग्य करता येते, आणि हे अर्ध्या तासाचे काम आहे.

सगळे तपासून झाल्यावर बेल्ट बसवताना टेन्शनचा प्रश्न येतो. तुमच्या पद्धतीच्या गाडीत आयडलरच्या मधला नट सैल करून लांब ॲडजस्टिंग बोल्टने पुली सरकवायची, टेन्शन साधले की नट पुन्हा घट्ट करायचा. नट सैल न करताच बोल्ट फिरवला तर पुलीचा आधार तिरका होतो, आणि मग रेषेचा दोष आपणच निर्माण करतो. सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर सुमारे १० किलोचा दाब दिला असता लहान गाड्यांत बेल्ट साधारण ५ ते १० मिलिमीटर दबतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो, आणि नव्या बेल्टसाठी तो वापरलेल्या बेल्टपेक्षा कमी असतो. पेचकसाने रेटून बेल्ट पुलीवर चढवू नये, कारण आतले दोरे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर चारही रिब खाचांत बसल्या आहेत का, हे बोट फिरवून पाहावे. एक रिब बाहेर लटकलेली असणे ही घाईतली नेहमीची चूक आहे. नंतर इंजिन पाच-दहा मिनिटे एसीसह चालवून टेन्शन पुन्हा मोजावे, आणि पाचशे ते हजार किलोमीटरनंतर आणखी एकदा. नवा बेल्ट खाचांत बसताना थोडा सैल पडतोच. तुमच्या दोन्ही बेल्टांच्या वेळी हे दुसरे मोजमाप झालेच नसावे, असे मला वाटते.

बेल्टला साबण किंवा मेण घासणे, पावडर टाकणे, बेल्ट ड्रेसिंगचा फवारा मारणे हे सगळे प्रकार टाळा. त्यांनी आवाज दोन दिवस बंद होतो आणि नंतर चिकट थरावर धूळ बसून बेल्ट आणि पुल्या दोन्ही खराब होतात. पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेली की लगेच किंचाळणे सुरू होत असेल, तर पुढच्या चाकाच्या आतले आणि इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण जागेवर आहे का ते पाहा. सर्व्हिसिंगच्या वेळी त्याच्या क्लिपा तुटतात आणि ते पुन्हा बसवले जात नाही.

मेकॅनिककडे जाताना कामांचा क्रम लिहून न्या. पंख्याची आणि कंडेन्सरची परीक्षा, गॅसच्या दोन्ही बाजूंचे दाब गाडी उभी असताना, पुल्यांची रेषा, आयडलर आणि कॉम्प्रेसर पुलीचे बेअरिंग, मग प्लेट हाताने फिरवून पाहणे. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की आयडलर बदलावा लागेल, कंडेन्सर धुऊन किंवा पंख्याची मोटर बदलून दाब खाली येईल, आणि योग्य लांबीचा एक बेल्ट पुरेल. हा सगळा खर्च कॉम्प्रेसरच्या अंदाजाच्या एका लहान भागात बसायला हवा. याउलट प्लेट अडकत असेल आणि कॉम्प्रेसर खरोखर बदलावाच लागला, तर फक्त कॉम्प्रेसर बदलून काम संपत नाही. आत घासलेल्या धातूचा चुरा तेलात मिसळून काळ्या लगद्यासारखा कंडेन्सरपर्यंत गेलेला असतो. आताच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो धुऊन निघत नाही; कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) आणि ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) सोबत बदलले नाहीत, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्याने जातो. अंदाजपत्रकात हे भाग नसतील, तर तो अंदाज तपासणी करून दिलेला नाही असे समजायला हरकत नाही.

ज्यांच्या गाडीत एकच लांब बेल्ट अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि कॉम्प्रेसर असे सगळे चालवतो, त्यांच्यासाठी यातले बरेच लागू आहे, पण दोन फरक आहेत. तिथे टेन्शन स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर देतो. इंजिन मंद असताना त्याचा हात सतत मोठ्या झोक्याने हलत असेल तर टेन्शनरचे आयुष्य संपले आहे किंवा अल्टरनेटरची एकाच दिशेने मोकळी फिरणारी पुली अडकली आहे, आणि डिझेल गाड्यांत हे दुसरे कारण विशेष आढळते. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो आणि स्वतः ताणला जाणारा लवचिक बेल्ट असतो. तो काढला की परत वापरायचा नसतो आणि त्याच्या जागी साधा बेल्ट बसवायचा नसतो. बेल्ट काढून इंजिन चालवण्याची परीक्षा अशा गाड्यांत एखाद्या मिनिटापुरतीच करावी, कारण पाण्याचा पंपही थांबलेला असतो.

तुमच्या गाडीत, काम होईपर्यंत, एसी बंद ठेवून प्रवास करायला अडचण नाही. बेल्ट वाटेत तुटलाच तर एसीचे बटण बंद करा, गाडी बाजूला घेऊन तुटलेले तुकडे दुसऱ्या बेल्टमध्ये किंवा क्रँकच्या पुलीपाशी अडकले नाहीत ना ते पाहून काढून टाका, आणि पुढे निघा. मात्र बेल्ट तुटल्याबरोबर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर दुसरा बेल्टही निसटला आहे. तेव्हा इंजिन तिथेच बंद करा.